बफीचे गेम: आधी कुठला, आणि आज चालवायचा कशावर?

निशाचर
'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चा चौथा सीझन बघणं चालू आहे. मालिकेवरचे गेम खेळायचे आहेत, पण पुढचं कथानक फुटायला नको. हाताशी बऱ्यापैकी ताकदीचा पीसी आहे आणि गेमक्यूबच्या (निन्टेन्डोच्या आधीच्या कन्सोलच्या) कंट्रोलरसाठी वर खाचा असलेला जुना निन्टेन्डो वी. एक्सबॉक्स नाही. एकच खेळायचा तर कुठला?

वेताळ_पंचविसावा
एकच म्हणत असाल तर २००२चा, पहिल्या एक्सबॉक्सवरचा. तो दुसऱ्या कुठल्याच कन्सोलवर आला नाही. कथा तिसऱ्या सीझनच्या काळातली, त्यामुळे तुम्हाला काही कळून जाण्याची भीती नाही. सगळी गंमत मारामारीत आहे: व्हॅम्पायरला लाथाबुक्क्यांनी आधी नरम करायचं, मगच छातीत खुंटी. अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलात की पहिला सावरून परत येतो. चौघांना थोडं थोडं बडवण्यात अर्थ नाही, एकेकाची राख करत पुढे सरकायचं. उड्या मारायच्या जागा मात्र वैताग आणतात. कॅमेरा नेमका तेव्हाच भलतीकडे बघतो.

खिळखिळी_कॅसेट
गेम चांगला आहे, पण यांच्याकडे एक्सबॉक्स नाही! 'केऑस ब्लीड्स' (२००३, युरोकॉम कंपनीचा) प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब तिन्हींवर आला, आणि गेमक्यूबची डिस्क या वीमध्ये थेट चालते. तीन गोष्टी बघा. डिस्क आणि वी एकाच रीजनचे (विक्रीच्या प्रदेशाचे) हवेत. वीचा रिमोट तिथे चालत नाही, गेमक्यूबचाच कंट्रोलर लागतो. आणि मेमरी कार्ड आधी घ्या, कारण गेमक्यूबचे सेव्ह वीच्या अंतर्गत मेमरीत जात नाहीत.
यात बफीबरोबर विलो, झँडर, स्पाइक, फेथ आणि पहिल्या सीझनमधला बोलका बाहुला सिडही खेळायला मिळतो. पण कथा पाचव्या सीझनमधली आहे. आत्ता डिस्क शोधा, खेळा नंतर.

निशाचर
मग २००२चा पीसीवर झेमूवर, म्हणजे पहिल्या एक्सबॉक्सची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालेल का? डिस्क पीसीच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घातली तर आत एक छोटा व्हिडिओ तेवढा दिसतो.

वेताळ_पंचविसावा
डिस्क ठीक आहे. एक्सबॉक्सच्या डिस्कवर साध्या ड्राइव्हला तेवढाच भाग दिसतो, गेमचा भाग वेगळा असतो. तो काढायला मोजके जुने ड्राइव्ह किंवा मॉडिफाय केलेला एक्सबॉक्स लागतो. झेमूला एक्सबॉक्स सुरू करणारी ५१२ बाइट्सची एमसीपीएक्स बूट रॉम, बायॉस (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) आणि हार्ड डिस्कची इमेज (प्रत) अशा तीन फाइल्स द्याव्या लागतात. एवढं करूनही गेम उचलला जात नसेल तर आयएसओचा (डिस्कच्या प्रतीच्या फाइलचा) प्रकार तपासा. पूर्ण डिस्कची प्रत चालत नाही, फक्त गेमचा भाग असलेला एक्सआयएसओ हवा. एक्स्ट्रॅक्ट-एक्सआयएसओ या प्रोग्रॅमनं तो बनवता येतो.
जुना एक्सबॉक्सच विकत घेणार असाल तर आधी उघडून घड्याळाचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) बघा. १.६ आवृत्तीच्या आधीच्या बोर्डांवर तो गळतो आणि आसपासच्या तांब्याच्या रेषा खातो. काढून टाकला तरी गेम चालतात. प्लग काढल्यावर तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते, इतकंच.

खिळखिळी_कॅसेट
'केऑस ब्लीड्स' पीसीवर हवा असेल तर गेमक्यूबची नक्कल करणारा डॉल्फिन त्यामानानं सोपा, त्याला बायॉस लागत नाही. वीवर होमब्रू (अनधिकृत प्रोग्रॅम चालवायची सोय) असेल तर क्लीनरिप या प्रोग्रॅमनं डिस्कची प्रत काढा. ती सुमारे १.४ जीबीची होते, म्हणून ४ जीबीपेक्षा मोठी फाइल न घेणाऱ्या एफएटी३२ पेनड्राइव्हवरही मावते. नवीन जागी शिरताना गेम अडखळला तर डॉल्फिनच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'हायब्रिड उबरशेडर्स' लावा.
गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा 'रॅथ ऑफ द डार्कहुल किंग' सोडलात तरी चालेल. निन्टेन्डो डीएसवरचा 'सॅक्रिफाइस' (२००९) मालिका संपल्यानंतर घडतो, त्यामुळे सातवा सीझन होईपर्यंत त्याचं कव्हरसुद्धा वाचू नका.