मदत हवी आहे: घुमट आरतीच्या गटासाठी व्हॉट्सॅपपेक्षा बरं काय?

फोंड्याचा_घुमटकार:
आम्ही गोव्यात गणपतीच्या आरतीला घुमट वाजवतो, म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं वाद्य. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आणि आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये परत तोच प्रश्न: "या आरतीला ठेका कुठला?" गेल्या वर्षी कुणीतरी वाजवून पाठवला होता, तो आता सापडत नाही. शुभ सकाळच्या ढिगाखाली गेला. कुठलं ॲप घ्यायचं तेवढं सांगा. फुकट हवं.

मधुरा_पणजी:
किती जण आहात? एकाच गावचे का? आणि साठवायचं काय, आरत्यांचे शब्द की वादन?

वास्कोचा_नेटकर:
टेलिग्राम. ग्रुपमध्ये टॉपिक चालू करा, २०२२ पासून ही सोय आहे. ठेके एकीकडे, शब्द एकीकडे, गप्पा तिसरीकडे. जुने मेसेज नव्या माणसाला दिसतील असं सेटिंग ठेवा, झालं.

म्हापशेकर:
नेटकर, आमच्या भजनी मंडळाने हेच केलं होतं. तरुण पोरं टेलिग्रामवर गेली, बुवा व्हॉट्सॅपवरच राहिले. ज्यांच्याकडून शिकायचं तेच तिथे नाहीत, मग कशाला? व्हॉट्सॅपमध्येच कम्युनिटी करा आणि फक्त ठेक्यांचा वेगळा ग्रुप ठेवा.

वास्कोचा_नेटकर:
आणि तिथेही वर्षाने शोधत बसा.

फोंड्याचा_घुमटकार:
साठेक जण. फोंडा, डिचोली, सावर्डे. काही बोटीवर नोकरीला, त्यांचं नेट रडतं. सगळ्यांत जाणत्या दोघांकडे बटनांचा फोन आहे. वादनच साठवायचंय.

मधुरा_पणजी:
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! मग त्या दोघांच्या घरी जाऊन रेकॉर्ड कोण करणार, ते आधी ठरवा. ॲप नंतर.

सुरेल_मडगाव:
नेटवरून एकत्र वाजवायला जॅम्युलस चांगलं आहे, फुकट आहे. वायरचं इंटरनेट आणि वायरचे हेडफोन लागतात, नाहीतर आवाज मागे पडतो.

फोंड्याचा_घुमटकार:
एकत्र वाजवायचं मी कुठे म्हटलं? बोटीवर वायर कुठून आणू?

पेडणेकर_काका:
थोडं विषयांतर. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं, फार बरं वाटलं. पण घोरपडीच्या कातड्याचा नाद बकरीच्या कातड्याला येत नाही.

म्हापशेकर:
काका, घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो विषय संपला. बकरीचं कातडं नीट ताणलं तर छान बोलतं. कसं ताणायचं, त्याचाच व्हिडिओ या गटाने आधी करावा. ठेके ऐकून उचलता येतात, हे हात बघितल्याशिवाय कळत नाही.

मधुरा_पणजी:
हे पटलं. लेव्ह आणि वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये शिंपी, सुइणी अशांच्या शिकण्यावर लिहिलं: नवखा आधी कडेला राहून छोटं पण खरं काम करतो, मग आत येतो. आमच्याकडेही पोराच्या हातात आधी कासाळें, म्हणजे झांजा, देतात, घुमट नंतर. तुमच्या ग्रुपमध्येही गप्प बसणाऱ्या पोरांना काम द्या, रेकॉर्ड करायचं आणि नावं घालायचं.
व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड टाका, निम्म्या वेगाने बघता येतात. गूगल शीटमध्ये आरती, गाव, वादक, लिंक असे रकाने करा आणि ती शीट व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये पिन करा. बोटीवरच्यांना नुसता ऑडिओ पाठवा. म्हणजे कुणाला ग्रुप सोडावा लागणार नाही.

वास्कोचा_नेटकर:
अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे हां. लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघणार. त्या दोघांना तसं सांगून परवानगी घ्या.

फोंड्याचा_घुमटकार:
घेतो. शीट चालेल. पण एकाच आरतीला सावर्ड्याचे वेगळं वाजवतात, डिचोलीचे वेगळं. भांडण तिथेच होतं. बरोबर कुठलं लिहू?

मधुरा_पणजी:
दोन्ही. दोन ओळी, दोन लिंका. म्हणून तर गावाचा रकाना सांगितला.

पेडणेकर_काका:
पेडण्याची पण एक ओळ ठेव रे. रेकॉर्ड करायला पोरगा पाठव, मी घरीच असतो.