प्रश्नमंजुषा, प्रश्न 7: 'त्या' जुळ्या बहिणी नेमक्या कोण?

ए-102: मंडळी, शनिवारचा प्रश्न 7 बघा. "क्रिमियातल्या कोणत्या जुळ्या बहिणींमुळे 2019 ला युक्रेनने युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेतून माघार घेतली?" सोबत दाखवायचा व्हिडिओ वर टाकलाय.

बी-304: काका, व्हिडिओ भलत्याच बहिणींचा आहे. एकमेकींत गुंतवलेले केस आणि नंतर सी-सॉ, म्हणजे तोल्माचेवा बहिणी. रशियाच्या, कुर्स्कच्या. 2006 ला ज्युनियर युरोव्हिजन जिंकल्या, 2014 ला कोपनहेगनच्या मुख्य युरोव्हिजनमध्ये सातव्या आल्या.

ए-102: अरे देवा. मग आपल्या कोणत्या?

बी-304: अ‍ॅना मारिया. अ‍ॅना आणि मारिया ओपानास्यूक, सिम्फेरोपोलच्या. 2019 च्या विद्बिरला, म्हणजे युक्रेनच्या निवड फेरीला, 'माय रोड' गायल्या. शोधताना नुसतं 'युक्रेन ट्विन्स' टाकू नका, ब्लूम ट्विन्स येतील. त्या ब्रोवारीच्या, पुढे लंडनला गेल्या. त्यांचं पॉप जरा काळोखी वळणाचं, आणि मला विचाराल तर जास्त ऐकण्यासारखं.

सी-501: प्रश्नच चुकलाय पण. माघार या बहिणींमुळे नाही. 23 फेब्रुवारीच्या अंतिम फेरीत सहा जण होते, जिंकली गायिका मारुव्ह. स्पर्धा घेणाऱ्या युक्रेनच्या सार्वजनिक वाहिनीचा करार तिने नाकारला. रशियातले ठरलेले कार्यक्रम रद्द करायचे, वाहिनीच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही, अटी मोडल्या तर 20 लाख ह्रिव्निया दंड. मग दुसऱ्या आलेल्या फ्रीडम जॅझ या गटाला विचारलं, तिसऱ्या आलेल्या काझका गटाला विचारलं. सगळ्यांचा नकार. 27 तारखेला माघार जाहीर.

ए-102: मग बहिणींचं नाव यात सारखं का येतं?

सी-501: युक्रेनचा क्रिमिया 2014 पासून रशियाच्या ताब्यात, आणि आई तिथल्या रशियन प्रशासनात मोठ्या पदावर होती म्हणून. परीक्षकांत गायिका जमाला, ती स्वतः क्रिमियन तातार, म्हणजे क्रिमियातल्या मूळ समाजातली. गाणं बाजूला राहिलं आणि आईवडिलांबद्दलचे प्रश्न पुढे आले. माझ्या मते तिथेच त्यांचं गाणं हरलं. गुणांचं नंतर.

बी-210: गाण्याचीही अडचण होतीच हो ताई. जुळ्यांचा आवाज जवळजवळ एकाच पोताचा. दोघी एकाच सुरात गायल्या की थोडा फरकही उघडा पडतो. एक 440 हर्ट्झवर, दुसरी 442 वर, तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. म्हणून अशा जोड्यांना एकीने मूळ चाल, दुसरीने तिसरा स्वर अशी वाटणी बरी पडते. शिवाय तेव्हा युरोव्हिजनमध्ये कोरसही थेट मंचावरून गायला लागायचा आणि मंचावर जास्तीत जास्त सहा जण. दोन मुख्य गायिका धरल्या की कोरसला उरतात चार, नर्तक हवे तर त्याहून कमी. कोरस आधी रेकॉर्ड करून वापरायची मुभा 2021 पासूनची.

बी-304: गाणंही तीन मिनिटांच्या आत. तेवढ्यात दोघींना वेगवेगळं ओळखू येईल असं काही द्यायचं, हे अवघडच.

ए-102: हा वाद तिथेच मिटला का?

सी-501: नाही ना. 2020 पासून विद्बिरच्या नियमांतच आलं: 15 मार्च 2014 नंतर रशियात कार्यक्रम केलेले नकोत, रशियामार्गे क्रिमियात गेलेले नकोत. 2022 ची विजेती अलीना पाश यातच अडकली, 2015 च्या क्रिमिया प्रवासाच्या कागदांवरून. तिने नाव मागे घेतलं, दुसरा आलेला कालुश ऑर्केस्ट्रा तुरिनच्या युरोव्हिजनला गेला आणि 631 गुण मिळवून जिंकला.

ए-102: बरं, प्रश्न बदलतो. "2019 ला कोणत्या विजेतीने करार नाकारल्यावर युक्रेनने माघार घेतली?" पर्याय: मारुव्ह, अ‍ॅना मारिया, काझका, जमाला.

सी-501: काझका काढा काका. नकार त्यांनीही दिला होता, 'विजेती' हा शब्द न वाचता कुणीतरी भांडायला उठेल. त्याजागी रुस्लाना टाका, 2004 ची युरोव्हिजन विजेती.

बी-210: आणि व्हिडिओ आता मारुव्हचा घ्या, तोही आवाज बंद करून दाखवा, नाहीतर उत्तर आधीच कळेल.