थीम पार्क रिसॉर्टमध्ये गोंडोला: नागपूरच्या उन्हात मुख्य वाहतूक म्हणून चालेल का?

प्रश्न: रामदासपेठकर

नमस्कार. मी नागपुरात वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला शिकते. प्रबंधासाठी मी काटोल रस्त्यावर, गोरेवाड्याच्या पुढे, एका काल्पनिक थीम पार्क रिसॉर्टचा आराखडा करत आहे. त्यात दोन पार्क, तीन हॉटेले आणि मधोमध एक तलाव असून वाहनतळापासून शेवटच्या हॉटेलापर्यंतचे अंतर सरळ रेषेत दोन किलोमीटर भरते. पाहुण्यांची अंतर्गत ने-आण गोंडोलाने, म्हणजे दोराला लटकून जाणाऱ्या बंद डब्यांच्या रोपवेने, करावी असे मी सुचवले आहे. उदाहरण म्हणून फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची स्कायलायनर ही सेवा दाखवली. ती २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली. तीन मार्ग आणि पाच स्टेशने मिळून ती काही हॉटेले एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांशी जोडते, आणि तिला वेगळे तिकीट नाही.

सरांनी परीक्षणात दोनच गोष्टी विचारल्या. बस असताना हे कशाला, आणि नवतपात त्या काचेच्या डब्यात माणूस बसेल कसा? पहिल्याचे उत्तर मी थातूरमातूर दिले, दुसऱ्याचे देताच आले नाही. पुढचे परीक्षण तीन आठवड्यांवर आहे. ज्यांनी अशा सेवेतून प्रवास केला आहे किंवा रोपवेचे काम जवळून पाहिले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: प्रतापनगर

मी गेल्या वर्षी मुलीकडे गेलो असताना आईला घेऊन स्कायलायनरने फिरलो आहे. आईचे वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे चाकाची खुर्ची सोबत होती. स्टेशनात डबे थांबत नाहीत, अगदी हळू सरकत राहतात, आणि चालत्या डब्यात आई चढणार कशी ही धास्ती मला रांगेत शिरेपर्यंत होती. पण तिथल्या कर्मचाऱ्याने खुर्ची पाहताच आम्हाला बाजूच्या फाट्यावर नेले. तिथे डबा मुख्य रांगेतून बाजूला घेऊन पूर्ण थांबवतात. डब्याची जमीन आणि फलाट एका पातळीत होते, खुर्ची सरळ आत गेली, दार लागले आणि मग तो डबा पुन्हा दोरावर गेला. बसमध्ये हेच करायला चालकाला उतरून उतार लावावा लागतो, पट्टे बांधावे लागतात आणि बाकीचे प्रवासी घड्याळ पाहत बसतात. आपण कोणाचा खोळंबा करतो आहोत असे आईला त्या दिवसभरात एकदाही वाटले नाही, आणि माझ्या दृष्टीने गोंडोलाच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

उन्हाचे मात्र सरांचे म्हणणे खरे आहे. स्कायलायनरच्या डब्यांत एसी नाही. डबा चालत असतो तोवर झरोक्यांतून वारा खेळतो आणि बरे वाटते. आपल्याकडच्या एका देवस्थानाच्या रोपवेवर मे महिन्यात आमचा डबा मध्येच दहा मिनिटे थांबला होता, तेव्हा काय होते ते मी अनुभवले आहे. वारा पडला, काच तापली, बाकाचा पत्रा हाताला चटका देऊ लागला आणि समोरच्या लहान मुलीचे तोंड लालबुंद झाले. तिच्या आईने ओला दुपट्टा तिच्या डोक्यावर धरून ठेवला होता. ताई, तुम्ही आराखडा कराल तो चालणाऱ्या डब्याचा नव्हे, थांबलेल्या डब्याचा करा.

उत्तर: जुना फिटर

माझी सारी नोकरी रोपवेच्या देखभालीत झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. तुम्ही म्हणता त्या पद्धतीत पोलादी दोर अखंड फिरत असतो, आणि डबा स्टेशनात शिरताना त्याची पकड दोरावरून सुटून तो रबरी चाकांच्या रांगेवर येतो, चालण्याच्या गतीहूनही सावकाश पुढे सरकतो आणि बाहेर पडताना पुन्हा दोर पकडतो. दोराचा वेग सेकंदाला पाच मीटर धरा. स्कायलायनरचा वेगही साधारण तितकाच, म्हणजे ताशी १८ किलोमीटरच्या आसपास आहे. दर बारा सेकंदांनी एक डबा सोडला तर दोन डब्यांत साठ मीटर अंतर राहते आणि तासाला ३०० डबे जातात. दहा जणांच्या डब्यात ३,००० माणसे होतात, पण हा आकडा सरांना सांगू नका, कारण चौघांचे कुटुंब बहुधा अनोळखी लोकांसोबत बसायला तयार नसते. सरासरी सात धरा, तासाला २,१०० माणसे. पन्नास आसनांच्या बसने हे करायचे तर एका दिशेला तासाला ४२ बस, म्हणजे दर दीड मिनिटाला एक सोडावी लागेल, आणि तेवढे चालक व रुंद रस्ता लागेल. शिवाय गोंडोलाला वेळापत्रक नाही. ‘आता गाडी केव्हा’ हा प्रश्नच उरत नसल्यामुळे पाहुणा हॉटेलातून मनात येईल तेव्हा निघतो.

गोंडोला ही वाहतूक आहे हे ठसवण्याचे कारण असे की आपल्या लोकांना रोपवे म्हणजे जत्रेतला पाळणा वाटतो. डिस्नेचा जुना स्कायवेही तसाच होता. कॅलिफोर्नियात तो १९५६ ते १९९४ आणि फ्लोरिडात १९७१ ते १९९९ चालला, पण पार्कच्या आत, पार्कातल्या करमणुकीचा भाग म्हणून. स्कायलायनर पार्कच्या फाटकाबाहेर हॉटेलापासून सुरू होते, म्हणून ती वाहतूक ठरते. तुमच्या आराखड्यातील स्टेशने तिकीट खिडकीच्या अलीकडे आहेत का, हे तपासा. तसे नसेल तर बाकीचा युक्तिवाद कोसळतो.

आता उन्हाबद्दल. एसी लावावा असे कोणीही सुचवेल, पण डब्यात वीज दोरातून येत नाही. ती डब्यासोबतच वाहावी लागते आणि स्टेशनातल्या थोड्या वेळात भरावी लागते. त्यापेक्षा छत पांढरे ठेवा, वर आणि खाली दोन्हीकडे झरोके द्या म्हणजे तापलेली हवा वरून निघून खालून दुसरी येईल, आणि काच कमी करून सावली वाढवा. तरीही ४५ अंशांत थांबलेल्या डब्यात माणसाला फार वेळ ठेवता येत नाही. म्हणून खरी काळजी पर्यायी इंजिनाची घ्या. मुख्य मोटार बंद पडली तर डिझेल इंजिनावर सर्व डबे सावकाश स्टेशनात आणता आले पाहिजेत, आणि ती तालीम दर आठवड्याला झाली पाहिजे. दोरावरून माणसे उतरवण्याची वेळ हा शेवटचा उपाय असतो. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमधील देवघर शहराजवळच्या त्रिकूट रोपवेवर ती वेळ आली, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली आणि तिघांचा जीव गेला. स्कायलायनरवरही सुरू झाल्यावर आठवडाभरातच, ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, लोक तीन तासांहून अधिक वेळ डब्यांत अडकले होते. सेवा १४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. बस बिघडली तर एक बस बिघडते, दोर थांबला तर सगळे थांबते.

उत्तर: इतवारीकर

मी तज्ज्ञ नाही, पण उन्हाळ्यात नागपूरकर भर दुपारी बाहेर पडतच नाही, हे विसरू नये. फुटाळा तलावावर गर्दी होते ती सूर्य मावळल्यावर. पार्क एप्रिल ते जून संध्याकाळी पाच ते रात्री अकरा असे चालवले, तर उन्हाचा अर्धा प्रश्न सुटतो.

उत्तर: जुना फिटर

सूचना चांगली आहे, पण अवकाळीचे ढगही दुपारनंतरच दाटतात. विजा चमकू लागल्या की दोर चालवता येत नाही. दोन किलोमीटरचा मार्ग रिकामा व्हायला ४०० सेकंद, शिवाय स्टेशनातला वेळ, म्हणजे दहा मिनिटे धरा. चढणे थांबवण्याचा निर्णय वादळ डोक्यावर येण्यापूर्वी किमान इतक्या वेळ आधी झाला पाहिजे, आणि त्यानंतर स्टेशनात जमलेल्या माणसांना नेणारे दुसरे काहीतरी तयार हवे. स्कायलायनर बंद पडते तेव्हा बस धावतात. हाँगकाँगच्या ओशन पार्कमध्ये तळ आणि डोंगरमाथा यांच्यामध्ये १९७७ पासून केबल कार आहे, तरीही २००९ मध्ये बोगद्यातून जाणारी ओशन एक्सप्रेस ही दोराने ओढली जाणारी रेल्वे जोडली गेली. तेव्हा बसला पर्याय म्हणून गोंडोला असे मांडू नका. बसचा रस्ता ठेवाच; फक्त रोजच्या दिवशी तो मोकळा राहील.

रामदासपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आराखडा पुन्हा काढला. एका अखंड दोराऐवजी मधल्या हॉटेलापाशी दोन स्वतंत्र मार्ग केले, प्रत्येकाला वेगळी मोटार आणि वेगळे डिझेल इंजिन दिले, म्हणजे एक थांबला तरी दुसरा चालेल आणि अडकणारी माणसे निम्मी होतील. सर्व स्टेशने फाटकाबाहेर आणली. चाकाच्या खुर्चीसाठी बाजूचा फाटा तिन्ही स्टेशनांवर दाखवला आहे. दोराच्या सावलीशेजारून कडुनिंबाच्या दुतर्फा रांगांतून बसचा रस्ता नेला. मधले स्टेशन तलावाच्या मध्यभागी, पाण्यावर घेतले आहे, कारण तिथून दोन्ही पार्क एकाच वेळी दिसतात. ते योग्य आहे का?

उत्तर: जुना फिटर

स्टेशन काठावर घ्या. दुरुस्तीची क्रेन आणि रुग्णवाहिका त्याला थेट लागली पाहिजे. दोर तलावावरून गेला तर हरकत नाही, मात्र त्या पट्ट्यात खाली माणूस उतरवायची वेळ आली तर तो पाण्यात उतरेल, म्हणून दोन्ही काठांना बचावबोटीचा धक्का दाखवा आणि मे महिन्यात तलावाची पातळी किती खाली जाते तेही आराखड्यात लिहा. पाणी आटून चिखल उरला तर तिथे बोटही जात नाही आणि गाडीही नाही.