भांडणांवर न पोसलेले सोशल नेटवर्क कसे रचावे?

सह्यकडा (प्रश्न):
आमच्या उपनगरातील रहिवाशांसाठी आम्ही तिघे एक लहानसे सोशल नेटवर्क उभारत आहोत. लोकांनी आवर्जून यावे, मात्र त्यासाठी न संपणारे स्क्रोलिंग, नव्या सूचनांचे लाल ठिपके आणि वादावादी यांचा आधार घ्यावा लागू नये. रचनेत नेमके काय बदलावे आणि खर्च कसा भागवावा?

ओसरी:
आधी काय मोजणार ते ठरवा. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या इमोजीसह सर्वच इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले; परिणामी चीड आणणाऱ्या पोस्ट वर चढू लागल्या आणि २०२० मध्ये रागाचे वजन शून्यावर आणावे लागले. तिथे कोणी भांडणे लावायला बसले नव्हते, मोजमापच तसे होते. तुम्ही पोस्ट केवळ वेळेच्या क्रमाने दाखवल्यात, तर हा प्रश्न बराचसा उद्भवणारच नाही.

काठावरचा:
क्रमाइतकाच वेग महत्त्वाचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पसरलेल्या, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांना ठेचून मारण्यात आले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. हे आधीच का सुचले नाही, हा प्रश्न उरतोच. फॉरवर्डचे बटण तुम्ही मुळात ठेवूच नका.

टपालपेटी:
अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ‘फ्रंट पोर्च फोरम’ २००६ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक पोस्ट आधी कर्मचारी वाचतात आणि मग ती परिसरातील सदस्यांना ईमेलच्या अंकातून जाते. हरवलेले मांजर, विकायची शिडी, ग्रामसभेतला वाद, सारे त्याच अंकात असते. संतापून लिहिलेले उत्तर लगेच छापून येत नसल्यामुळे शब्दाला शब्द वाढत नाही. खर्च स्थानिक जाहिराती आणि देणग्यांतून भागतो.

ओसरी:
मात्र पाणी बंद असल्याची सूचना उद्याच्या अंकात येऊन काय उपयोग? तातडीच्या सूचनांची वेगळी वाट ठेवा आणि त्यांवर प्रतिक्रियेची सोय देऊ नका.

सह्यकडा:
सर्वांचे आभार. दररोज संध्याकाळी एक अंक काढावा आणि तातडीच्या सूचना वेगळ्या पाठवाव्यात, असे आता वाटते. पोस्ट वाचणाऱ्या व्यक्तीचे मानधन मात्र दुकानदारांच्या जाहिरातींतून निघेल की सभासदांकडून वर्गणी घ्यावी लागेल, याचा हिशेब अजून मांडायचा आहे.