अनुभव धागा : "गंमत करून राहिलो ना बे!"

माझं ऑटिझमचं निदान झालं तेव्हा मी ३४ वर्षांची होते. त्याआधीची १२ वर्षं ऑफिसात मी नुसती 'घमंडी' होते. गुड मॉर्निंगला उत्तर देत नाही, बोलताना भिंतीकडे बघते, कुणाचा वाढदिवस असला की टाळ्या सुरू व्हायच्या आत बाथरूममध्ये पळते, म्हणून.

नागपुरात टवाळीला प्रेमाचं लायसन असतं. "अबे, गंमत करून राहिलो!" म्हटलं की समोरच्यानं हसायचं. मीही हसायचे. आमच्या अकाउंट्समध्ये एक जण मान तिरपी करून, एकाच सुरात, "अॅक्च्युअली व्हाउचरवर सही नाही" असं म्हणायचा आणि सगळे फुटायचे. सगळे हसतात म्हणजे हसायचं असतं, एवढं मला कळत होतं. ती नक्कल माझी होती हे तीन वर्षांनी कळलं, तेही चहाच्या टपरीवर दुसऱ्याच कुणीतरी सहज सांगितलं म्हणून.

तर आपल्या गावातल्या ऑटिस्टिक लोकांनी नोकरीतले अनुभव इथे लिहावेत. (ऑटिस्टिकला मराठीत म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला पटत नाही. स्वतःतच मग्न असते तर ट्यूबलाइटची भुणभुण कशाला ऐकू आली असती?) ऑफिसचं आणि माणसाचं नाव नको. आणि "थोडे थोडे आपण सगळेच असे असतो" हे वाक्य घरी ठेवून या.

हिंगणा सेकंड शिफ्ट

मी सीएनसीवर (कम्प्युटरनं चालनारं लोखंड कापाचं मशीन) हाओ, नऊ वर्षं झाले. लोकाईले वाटते मशीनच्या आवाजानं मले त्रास होत असन. नाई होत. तो एकसारखा असते. अचानक आवाज झाला का मी उडतो. हे पोट्ट्याईले समजलं, मंग काय! मागून येऊन लोखंडी ट्रे आपट, नाईतर एअर गन मानेवर मार. मी उडलो का सारी लाइन हसे.

एक दिवस चकमधून, म्हंजे मशीनच्या पकडीतून, कापलेला जॉब काढून राहिलो होतो. मानेवर हवा बसली, हात सटकला, अंगठ्याले तीन टाके. तेव्हाही मी सायबाले "मले चिडवते" असं नाई म्हन्लं. तसं म्हन्लं तर साहेब म्हणते, तू बी मजा घेत जा. मी म्हन्लं, दाबाची हवा अंगावर मारनं मना आहे असा बोर्ड भिंतीवर आहे, तो वाचा. दुसऱ्या दिवसापासून एअर गन कपाटात, कुलपात. त्याईनं माझ्यासाठी नाई केलं, ऑडिटसाठी केलं. बंद तर झालं!

इन्सर्ट (कापाचं पातं) झिजला का कापाचा आवाज बदलते. तो मले साऱ्याईच्या आधी समजते. आता तेच पोट्टे बलावते, "ये बे, जरा आयकून सांग."

खापरी लाइन

मिहानमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मला कुणी छळलं असं म्हणता येणार नाही, पण एका वाक्यानं माझं एक वर्ष खाल्लं : "हे जरा बघून घे." मी बघितलं. दोनदा बघितलं. त्याचा अर्थ 'आज संध्याकाळपर्यंत करून पाठव' असा असतो हे कोण सांगणार? अप्रेझलमध्ये शेरा आला, 'पुढाकार घेत नाही'.

आता प्रत्येक मीटिंगनंतर मी तीन ओळींचा मेल टाकतो. काय करायचं, कुणी, कधीपर्यंत. खाली 'यात काही चुकलं असेल तर कळवा'. आधी मॅनेजरला तो आगाऊपणा वाटला. मग एका रिलीजला दोन टीममध्ये भांडण लागलं आणि सगळे माझा मेल शोधत होते.

काउंटर नंबर तीन

ऑटिझमचं ऑफिसात सांगायचं की नाही हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण माझी भरतीच दिव्यांग कोट्यातून झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. सरकारी जागांमध्ये ४ टक्के आरक्षण, त्यातला १ टक्का आपल्याला बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून जास्त दिव्यांगता असलेल्यांबरोबर वाटून मिळतो.

पहिल्याच आठवड्यात 'कोट्यातला' हे नाव पडलं. मी ताणात असलो की बोटं हलवतो. एक सहकारी ग्राहकांसमोर तसं करून दाखवायचा. त्याच कायद्यात कलम ९२ आहे : दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. मी तक्रार केली नाही, रोजच्या डायरीत तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहीत गेलो. ४१ नोंदी झाल्यावर ती डायरी साहेबांच्या टेबलावर ठेवली. नक्कल थांबली.

त्याच वेळी दोन गोष्टी लेखी मागितल्या. पेन्शनच्या दिवसांत काउंटरऐवजी आतलं काम, आणि सूचना लेखी. पहिली मिळाली. दुसरीवर उत्तर आलं, "तोंडी सांगितलेलं कळत नाही का?" हे उत्तरही तोंडीच होतं.

तर्री कमी

वरच्या सगळ्यांचं वाचून बरं वाटलं, पण माझं उलटं झालं. जाहिरात एजन्सीत होतो, चांगला वागणारा बॉस, विश्वासानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे माझ्याशी लहान पोराशी बोलतात तसे बोलायला लागले. चिडवणं बंद. क्लायंट मीटिंगही बंद, "तुला उगाच त्रास नको" म्हणून. छळ संपला, त्याच्यासोबत कामही संपलं. सहा महिन्यांत नोकरी सोडली. नव्या जागी फक्त एवढं सांगितलंय की मला गोंगाटात ऐकू येत नाही, लिहून द्या. कुणी कारण विचारलं नाही.

महालातली बाई

शाळेत शिकवते. निदान नाही. वर्गात ५० मुलं चालतात, स्टाफरूममध्ये सहा जणी चालत नाहीत. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी घराच्या गल्लीत ढोल आले की मी मागच्या खोलीत कूलर फुल करून बसते. सासूबाई म्हणतात, नाटकं. या वयात तपासून काय मिळेल?

धागाकर्ती

ताई, निदान आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नोकरीतल्या आरक्षणाला प्रमाणपत्र लागतं, त्यावर किमान ४० टक्के दिव्यांगता. त्यासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० विधानं आहेत. बरीचशी लहान पोरांना बघून लिहिल्यासारखी वाटतात, आपल्यासारख्या आयुष्यभर नीट वागून दाखवणाऱ्या बायका तिच्यात मावत नाहीत, असं माझं मत. मला प्रमाणपत्र नाही, निदानाचा कागद आहे. त्याचा उपयोग म्हणाल तर, मी स्वतःला घमंडी म्हणणं सोडलं.

तर्री कमी, तुमचं पटलं. मीही आता निदानाचं नाव न सांगता फक्त गरज सांगते. नव्या ऑफिसात ग्रुपवर मेसेज येतो, 'साडेचारला केक'. मी चार पंचवीसला जिन्यात जाते, चार चाळीसला परत येते. माझा तुकडा टिश्यूखाली झाकून ठेवलेला असतो. बहुतेक वेळा. मागच्या वेळी कुणीतरी खाल्ला.

हिंगणा सेकंड शिफ्ट

काउंटर नंबर तीन भाऊ, ते कलम ९२ मराठीत छापलेलं भेटन का? मोठ्या अक्षरात पाहिजे. हवेच्या बोर्डाबाजूले जागा आहे.