तिबिलिसीत शाकाहारी राहायचंय, मेसमध्ये जमत नाहीये. काय करू?

विठू_जालना

नमस्कार. मी जालन्याचा. सप्टेंबरच्या शेवटी एमबीबीएससाठी जॉर्जियात, तिबिलिसीला आलो. सहा वर्षं काढायची आहेत आणि तीन आठवड्यांतच जेवणापायी रडकुंडीला आलोय.

आमच्या घरी आजोबांपासून माळ आहे, माझ्याही गळ्यात आहे. अंडंसुद्धा चालत नाही. निघताना एजंट म्हणाला होता, इंडियन मेस आहे, व्हेज मिळतं. मेस आहे, पण रोज बटाटा नाहीतर पातळ डाळ. आणि परवा माझ्या डोळ्यांदेखत चिकनच्या पातेल्यातला डाव तसाच डाळीत घातला. बोललो तर म्हणाले, 'एवढं काय त्यात?' त्या रात्री न जेवता झोपलो.

बाहेर मेनू वाचता येत नाही. एकदा 'नो मीट' असं दोनदा सांगून सूप मागवलं, तर तळाशी चिकनचे तुकडे. आईने दिलेलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी संपत आली. मॅगी आणि ब्रेडवर दिवस काढतोय, आणि आईला फोनवर 'जेवलो' म्हणून सांगतोय. वर्गातली मुलं म्हणतात, दोन महिन्यांत तूही खायला लागशील. मला ते नकोय.

इथे राहून कुणी शेवटपर्यंत पाळलंय का? खरं काय ते सांगा.

उदगीरची_लेक

अरे, आधी आईला खरं सांग. मीही पहिल्या सेमिस्टरला 'जेवले, जेवले' करत राहिले. सहा किलो उतरले आणि सुट्टीत घरी गेले तर आई दारातच रडायला लागली. मी उदगीरची, आमचं लिंगायत घर, अंडं मीही खात नाही. आता पाचवं वर्ष चालू आहे आणि अजून मोडलेलं नाही. जमतं. पण मेसवर अवलंबून राहून नाही जमत. या महिन्याचे पैसे भरले असशील तर तेवढे संपव आणि सोड.

आता सूप. 'मांस नको' एवढं सांगून इथे भागत नाही. मांसाला 'खोर्त्सी' म्हणतात, पण कोंबडी म्हणजे 'कातामी' आणि ती कितीतरी जणांच्या हिशेबात त्यात धरलेलीच नसते, हा माझा पाच वर्षांचा अनुभव. शिवाय तुकडे काढले तरी पाणी हाडांचंच असतं. म्हणून सूप विसर. तू एकच शब्द पाठ कर: 'सामार्ख्वो'. म्हणजे उपासाचं.

हे लोक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. धर्म पाळणाऱ्या घरांत बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, ईस्टरच्या आधी सात आठवडे असतो, आणि २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी असा चाळीस दिवस असतो, कारण यांचा नाताळ ७ जानेवारीला. उपासाला मांस, अंडी, दूध, चीज सगळं बंद. मासे काही ठरावीक दिवशी चालतात, तेवढं 'तेव्झी' म्हणजे मासा आहे का ते विचारून घ्यायचं. आपण 'व्हेजिटेरियन' म्हणालो की समोरचा गोंधळतो. 'सामार्ख्वो' म्हटलं की ऐंशी वर्षांच्या आजीलाही कळतं, कारण तिने जन्मभर ते रांधलेलं असतं. परक्या देशात आपल्या ताटासाठी तयार शब्द सापडावा, याचं मला आजही बरं वाटतं.

आपल्या उपासाला कडधान्य चालत नाही, यांच्या उपासाचा आधारच राजमा. 'लोबियो' मागव. मातीच्या मडक्यात येतो, घोटलेला, वर कोथिंबीर आणि कांदा. त्यात 'उत्सखो सुनेली' घालतात, ती निळ्या फुलांच्या मेथीच्या बियांची पूड. पहिला घास घेतला तेव्हा मला मेथीचा वास आला आणि मी चमचा खाली ठेवून बसून राहिले. सोबत 'म्चादी' घे, मक्याची जाडसर भाकरी. ज्वारीची सर नाही, पण भाकरी ती भाकरी. 'आजापसांदाली' म्हणजे वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची. 'बाद्रिजानी निग्व्झित' म्हणजे वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण.

दोन ठिकाणी सांभाळ. लोबियानी, म्हणजे राजमा भरलेली रोटी, जवळपास प्रत्येक बेकरीत मिळते. पण नावापुढे 'राचुली' असेल तर हात आखडता घे, त्यात डुकराचं धुरावलेलं मांस असतं. आणि आजारुली खाचापुरीवर, म्हणजे होडीच्या आकाराच्या चीज भरलेल्या रोटीवर, अंडं फोडून देतात. इमेरुली खाचापुरीच्या चीजमध्येही पुष्कळदा अंडं कालवलेलं असतं. चीजचं म्हणशील तर पारंपरिक पद्धतीत दूध फाडायला वासराच्या पोटातला अर्क वापरतात. मी चीज बंद केलं. माझ्याबरोबरच्या दोघी शाकाहारी आहेत, त्या खातात. तुझी रेघ तू ठरव, पण पहिल्याच महिन्यात ठरव. रोज ताटासमोर बसून ठरवायला लागलं की माणूस थकतो, आणि थकला की 'एवढं काय त्यात' त्यालाही पटायला लागतं.

माझी घरमालकीण बाई सत्तरीच्या आहेत, मी त्यांना बेबिया म्हणते, म्हणजे आजी. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला 'प्खाली' शिकवायला स्वयंपाकघरात बोलावलं. पालक उकडलेला होता, तो मुठीत घट्ट पिळून हिरवं पाणी काढलं. मग अक्रोड दळायला टेबलाच्या कडेला लोखंडी यंत्र आवळलं, हाताने फिरवायचं. ते यंत्र मी ओळखलं. रविवारी त्यातूनच त्या खिमा काढायच्या. माझा चेहरा उतरला. बोलायची हिंमत होईना, एवढ्या मायेने बोलावलेलं. शेवटी मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, 'बेबिया, इथे खोर्त्सी.' त्या क्षणभर यंत्राकडे बघत राहिल्या. मग स्क्रू सोडवला, यंत्र उचलून बाजूला ठेवलं आणि कपाटाच्या तळातून दगडी खलबत्ता काढला. बराच वेळ लागला. अक्रोड कुटता कुटता तेल सुटलं, त्यात लसूण, मीठ, तीच मेथीची पूड. पालकात कालवून लाडवासारखे गोळे वळले आणि प्रत्येकावर डाळिंबाचे तीन-चार दाणे दाबले. तेव्हापासून तो खलबत्ता ओट्यावर आहे. म्हणून सांगते, सांगायला लाजू नकोस. मेसवाल्याने झिडकारलं म्हणून सगळेच झिडकारतील असं नाही.

स्वतः रांधायचं म्हणशील तर स्टेशनजवळच्या देझेर्तिर बाजारात जा. राजम्याचे इतके रंग मी आयुष्यात पाहिले नव्हते: काळा, पांढरा, लाल, ठिपक्यांचा. 'मात्सोनी' म्हणजे दहीच, त्याचं ताक होतं, कढी होते. मसाल्याच्या गाळ्यावर पिवळीधमक पूड दिसेल, तिला इमेरेतीचं केशर म्हणतात. ती झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्यांची असते! दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो तो झेंडू इथे भाजीत घालतात. तूरडाळ, हिंग, पोहे भारतीय दुकानात मिळतात, महाग पडतात. कुकर मात्र घरून आण किंवा कुणाकडून मागव, भिजवलेला राजमाही त्याशिवाय लवकर शिजत नाही.

आणि बी१२ तपासून घे, सुट्टीत घरी गेलास की. दूध-दही पुरेसं घेतलं नाही तर शाकाहारी माणसाला ते हमखास कमी पडतं. मला तिसऱ्या वर्षी पायाला मुंग्या यायच्या, तेव्हा कळलं. गोळ्या चालू केल्या, गेल्या.

बिश्केक_चौथं_वर्ष

किर्गिझस्तानात तर आणखी कठीण, जॉर्जियातली उपासाची सोय इथे नाही. जेवण म्हणजे मटण, गाय, घोडासुद्धा. आम्ही 'बेझ म्यासा' म्हणतो, रशियनमध्ये 'मांसाविना', आणि तरीही ताट ढवळून बघतो. बाजारात कोरियन लोकांचे गाजराचे तिखट-आंबट सॅलड मिळतात, त्यावर आणि गोल नानवर माझे कितीतरी दिवस निघाले. बाकी चौघांनी मिळून फ्लॅट घेतला आणि पाळीने स्वयंपाक. एकट्याने रांधणं परीक्षेच्या आठवड्यात सुटतं, चौघांचं सुटत नाही.

सोलापूर_ते_बातुमी

माझं उलटं झालं ते सांगतो. मी पहिल्या हिवाळ्यात खायला लागलो. कुणी जबरदस्ती केली नाही. रात्री दहाला लायब्ररीतून यायचो, फ्रिजमध्ये काही नसायचं, रूममेट पातेलं पुढे करायचा. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण तुला मनापासून पाळायचं असेल तर तुझी परीक्षा हॉटेलात नाही, रात्री दहाला आहे. त्या वेळेला घरात काहीतरी शिजलेलं असू दे. खिशात 'चुर्चखेला' ठेव, अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवलेले असतात, वाळले की महिनोन् महिने टिकतात. आणि उदगीरच्या ताई म्हणतात ते खरं, आईशी खोटं बोलू नकोस.

विठू_जालना

ताई, दादा, मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं सांगितलं. आधी गप्प झाली, मग म्हणाली, कुकर कुणाबरोबर पाठवू ते सांग.

आज बुधवार. कॉलेजच्या खालच्या बेकरीत गेलो आणि 'सामार्ख्वो?' एवढंच म्हणालो. काउंटरवरच्या बाई हसल्या, त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान हलवली, म्हणजे त्यांचाही असावा. मग दोन ट्रे दाखवले, एक बटाट्याचा, एक राजम्याचा. 'राचुली?' विचारलं तर 'आरा, आरा' म्हणाल्या, म्हणजे नाही. गरम होती, हात भाजत होता, तशीच रस्त्यात उभा राहून खाल्ली. मग परत जाऊन अजून एक घेतली.

ताई, बाजारात रविवारी गेलं तर चालेल का?

उदगीरची_लेक

चालेल. आम्ही तिघी दर रविवारी जातोच. नऊ वाजता स्टेशन स्क्वेअर मेट्रोच्या बाहेर ये. दोन मजबूत पिशव्या आण, राजमा जड होतो.