पीसीटीचं वाळवंट: पहिले ११० मैल (अनुभव धागा)

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी) ही अमेरिकेतली लांब पल्ल्याची पायवाट मेक्सिकोच्या सीमेवरच्या काम्पोहून निघते आणि सुमारे २,६५० मैलांनी कॅनडाला टेकते. मार्च ते मे या काळात सीमेवरून रोज ५० जणांनाच परवाना मिळतो, म्हणजे पहिला आठवडा सोबतीचाच. इथे फक्त काम्पो ते वॉर्नर स्प्रिंग्ज. प्रेरणा नको, आकडे लिहा.

*

पहिल्या टप्प्याचं पाणी. काम्पो ते लेक मोरेना २० मैल. मधला हाउजर क्रीक हा ओढा (काम्पोपासून मैल १५) बहुतेक वेळा कोरडा असतो. लोक उशिरा निघतात, भर दुपारी तिथे पोहोचतात आणि समोर सुमारे हजार फुटांचा उघडा चढ. उष्माघात होतो तो इथे. काम्पोहून ५ ते ६ लिटर घ्या आणि उजाडताच निघा. तरीही दुपार झालीच, तर क्रीकच्या झाडांखाली चारपर्यंत पडून राहा. चढ संध्याकाळी सुद्धा तोच असतो, फक्त ऊन नसतं.

गडावरच्या टाक्यांची सवय असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: नकाशावर पाणी दिसतं म्हणजे ते आज आहे असं नव्हे. फारआउट या ट्रेलच्या नकाशांच्या अ‍ॅपवर त्या जागेखाली चालणाऱ्यांनी केलेल्या नोंदीची तारीख बघा. आठवडाभर जुनी नोंद असेल तर ते पाणी नाही असं धरून चाला.

*

वरच्याला जोडून, खरी परीक्षा सिझर्स क्रॉसिंगला (मैल ७७). तिथून बॅरल स्प्रिंगपर्यंत २४ मैल सॅन फेलिपे टेकड्या, नैसर्गिक पाणी शून्य. क्रॉसिंगजवळच्या ओढ्यात गुरं उतरतात, त्यामुळे पाणी त्याच्या आधीच, मैल ६८ च्या टाकीवरून भरतात. हिशोब सोपा: ४ मैलांना १ लिटर, मुक्कामाला १ जादा. म्हणजे क्रॉसिंग सोडताना ७ लिटर, पाठीवर ७ किलो. मैल ९१ च्या तिसऱ्या फाटकाजवळ स्वयंसेवक पाणी ठेवतात, पण त्याच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या ठेवून निघू नये. ते पाणी ज्याचं खरंच संपलंय त्याच्यासाठी. आंघोळीला, भांडी धुवायला तर नाहीच नाही.

चढ दुपारी चारनंतर सुरू करा. वारा रात्री वाढतो. वाळूत तंबूच्या मेखा धरत नाहीत, त्यांच्यावर दगड ठेवा.

*

मीठ! नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि माणूस 'पाणी कमी पडलं' समजून आणखी पितो. ओआरएसची मोठी पुडी १ लिटरची असते, ती अर्ध्या लिटरात घालू नका. दिवसाला दोन पुड्या, शिवाय खारे दाणे.

*

पाय. उन्हात ते सुजतात, म्हणून बूट अर्धा ते एक नंबर मोठा. जलरोधक बूट इथे नकोत. पावसाळी ट्रेकला ठीक, वाळवंटात आतला घाम कोंडतो आणि कातडी मऊ पडते. बारीक वाळू आत जाऊ नये म्हणून घोट्यावर गेटर (बुटाचं तोंड झाकणारी कापडी पट्टी). दर दोन तासांनी बूट-मोजे काढून दहा मिनिटं पाय वाळवा. एखादी जागा गरम लागली की तिथेच थांबून ल्यूकोटेप (घट्ट चिकटणारी पट्टी) लावा. 'पुढच्या विश्रांतीला बघू' म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. फोड आलाच तर निर्जंतुक सुईने कडेला टोचा, वरची कातडी काढू नका.

*

खाण्यात आपण नशीबवान. स्टोव्ह न नेणाऱ्यांसाठी पातळ पोहे थंड पाण्यात पाच मिनिटांत फुगतात. वर मेतकूट, मीठ, दाण्याचं कूट. पाणीही कमी लागतं. तूप उन्हात पातळ होतं, म्हणून ते घट्ट झाकणाच्या बाटलीत. गुळाची चिक्की मऊ पडून एकमेकींना चिकटते, वड्या सुट्या गुंडाळाव्यात. स्टोव्ह नेणार असाल तर कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परवाना लागतो, फुकट मिळतो.

*

सोबत्यांबद्दल. पहिल्याच दिवशी टोळकं जमतं आणि त्यातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या मागे सगळे २० मैल ओढले जातात. नडगीचं दुखणं तिथूनच सुरू होतं. पहिला आठवडा दिवसाला १० ते १४ मैल पुरे. 'पाण्यावर भेटू' एवढंच ठरवा आणि सुटे चाला. पाण्याचा फिल्टर मात्र प्रत्येकाचा स्वतःचा.

साप: रॅटलस्नेक (शेपटी खुळखुळवणारे विषारी साप) पहाटे आणि संध्याकाळी वाटेवर असतात. आवाज आला की थिजा, साप कुठे आहे ते बघा, मग मागे सरका. कानात गाणी लावून चालणाऱ्यांना आवाजच येत नाही.

*

थंडी कुणी लिहिलीच नाही. माउंट लगुना (मैल ४२) जवळपास ६,००० फुटांवर आहे, एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो. रात्री फिल्टर झोपायच्या पिशवीत घ्या. ओला फिल्टर गोठला की आतल्या नळ्या फुटतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.